साडेआठ वर्षांची मुलगी, कायमची दाढ आणि मुद्दाम आत ठेवलेली थोडी कीड

मुलगी तिसरीत जाणारी. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधी दातांचं काम उरकावं म्हणून आई, वडील आणि आजी तिला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. आधी ते दुसरीकडे दाखवून आले होते. तिथे एक्स-रे बघून खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनॉल करायला सांगितलं होतं. वडील हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला, दर खेपेला अर्धा दिवस बुडणार. त्यांचा प्रश्न सरळ होता: दाढ दुधाची आहे, दोन-तीन वर्षांत पडेल, मग एवढा खटाटोप कशासाठी?

दाढ दुधाची नव्हती. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते, म्हणून ती आधी सांगते. (कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कुठलाच दात हलत नाही, पडत नाही, रक्त येत नाही. समोरचा दात पडला की घरभर बातमी होते. ही दाढ मात्र कोणाला न कळता येते. मुलाचे बाकी दात दुधाचे असतात, त्यामुळे हीसुद्धा त्यांतलीच समजली जाते. त्यातच नवं एनॅमल, म्हणजे दाताचा वरचा कठीण थर, अजून पक्कं झालेलं नसतं, चावायच्या भागावरच्या घळी खोल असतात, आणि पूर्ण वर येईपर्यंत कित्येक महिने ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते. ब्रशचे केस तिच्या वरून निघून जातात. पुढची साठ-सत्तर वर्षं चावण्याचं काम करायची दाढ आयुष्याच्या पहिल्याच दोन वर्षांत अशी उघडी पडते.

तक्रार आणि तपासणी

तक्रार दोन गोष्टींची होती. जेवताना अन्न अडकतं आणि थंड पाणी लागलं की कळ येते. मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा एकच विचारते: कळ आपोआप येते का, रात्री झोपेतून उठवते का, पाणी गिळून झाल्यावर किती वेळ राहते? मुलीने स्वतःच सांगितलं, "पाणी गेलं की थांबते." रात्री कधीच दुखलं नव्हतं. आईने मध्यंतरी मेडिकल स्टोअरमधून अँटिबायोटिक आणून दोन दिवस दिलं होतं. किडलेल्या दाताच्या कळेवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. ते लागतं सूज पसरली, ताप आला, तोंड उघडेनासं झालं तर. आणि तेव्हाही दाताचा मूळ उपचार करावाच लागतो.

तोंडात पाहिलं तर ४६ क्रमांकाच्या, म्हणजे खालच्या उजव्या पहिल्या कायमच्या दाढेवर छिद्र लहानसं होतं, पण भोवतालच्या एनॅमलखाली राखाडी सावली लांबवर पसरलेली दिसत होती. कीड अशीच जाते. वरच्या कठीण थरात अरुंद वाट, आणि खालच्या मऊ डेंटिनमध्ये पोचली की आडवी पसरते. त्यामुळे "एवढुसं तर भोक आहे" या दिसण्यावर विसंबता येत नाही. दाढ ठोकून पाहिली, दुखली नाही. हिरडी स्वच्छ, सूज नाही, पुवाची पुळी नाही. गार फवारा मारलेला कापूस लावला तेव्हा तिने लगेच हात वर केला आणि कापूस काढल्यावर दोन-तीन सेकंदांत खाली घेतला.

एक्स-रेमध्ये काळी छाया नसेच्या बरीच जवळ गेलेली, पण मधे पांढरी बारीक रेघ शाबूत. मुळांच्या टोकांशी हाडात बिघाड नाही. आणि मुळांची टोकं अजून उघडी होती. पहिल्या कायमच्या दाढेची मुळं साधारण नवव्या-दहाव्या वर्षी पूर्ण होतात. हिची व्हायची होती.

निदान: खोल कीड, नसेला सूज, पण परत फिरू शकणारी. आधीच्या सल्ल्याला मी चूक म्हणणार नाही. नुसता एक्स-रे हातात घेतला तर ती छाया भीतिदायकच होती. पण एक्स-रे म्हणजे तीन मितींच्या गोष्टीची सपाट सावली. नस जिवंत आणि सुधारण्याजोगी आहे का, हे कळेच्या वागण्यावरून जास्त कळतं.

निर्णय

इथे नस वाचवण्याचं महत्त्व मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त होतं. मुळाची लांबी आणि भिंतींची जाडी नसच घडवते. ती आत्ता गेली तर मूळ आखूड आणि पातळ भिंतींचंच राहतं. नेहमीचं रूट कॅनॉल टोक उघडं असलेल्या मुळात करणं अवघड, आणि झालं तरी दाढ पुढे मोडण्याची भीती राहते.

खोल किडीत आजवर तीन मार्ग चालत आले आहेत. पहिला जुना: कडक डेंटिन लागेपर्यंत सगळी कीड उकरून काढायची. जी. व्ही. ब्लॅक यांचं १९०८ सालचं मत असं होतं की मऊ डेंटिन खाली ठेवण्यापेक्षा नस उघडी पडलेली परवडली. या मताचा पगडा दंतवैद्यकावर जवळपास शतकभर राहिला, आणि या हट्टापायी कितीतरी चांगल्या नसा उघड्या पडल्या. दुसरा मार्ग दोन टप्प्यांचा: थोडी कीड ठेवून तात्पुरतं बंद करायचं, काही महिन्यांनी पुन्हा उघडून उरलेली काढायची. तिसरा: कडांची कीड पूर्ण काढायची, नसेवरचा शेवटचा मऊ थर ठेवायचा, त्याच दिवशी कायमचं भरायचं आणि पुन्हा उघडायचं नाही.

मी तिसरा निवडला. खोल किडीत नसेवरचा मऊ डेंटिन ठेवावा, अशी शिफारस २०१६ साली किडीवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने केली आहे. त्याआधी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधल्या एका चाचणीत दुसरा आणि तिसरा मार्ग समोरासमोर ठेवले होते. तीन वर्षांनी एकाच बैठकीत बंद केलेल्या दाढांपैकी ९१ टक्क्यांची नस जिवंत होती, दोन टप्प्यांच्या गटात ६९ टक्क्यांची. फरकाचं एक मोठं कारण साधं होतं: बरेच रुग्ण दुसऱ्या टप्प्यासाठी परत आलेच नाहीत. हिंगण्याहून अर्धा दिवस बुडवून येणाऱ्या बापाकडे पाहताना हा आकडा माझ्या डोळ्यांपुढे होता.

आजी अजिबात पटून घ्यायला तयार नव्हत्या. "काहून जी मॅडम, कीड आतच ठेवता अन् वरून बुजवून टाकता? हे तं घरात साप ठेवून दार लावल्यासारखं झालं." मला हा प्रश्न आवडला, कारण दंतवैद्यक शंभर वर्षं हेच विचारत होतं. मी त्यांना असं सांगितलं: आजी, दात पोखरणारे जंतू जगतात आपण खातो त्या साखरेवर. ती साखर पचवताना ते आम्ल सोडतात आणि आम्ल दात विरघळवतं. वरून भक्कम, फट न ठेवता बंद केलं की साखर आत जात नाही. बहुतेक जंतू उपाशी मरतात, उरतात ते निपचित पडतात. शिवाय किडीचा सगळ्यात आतला थर नुसता मऊ झालेला असतो, सडलेला नसतो. त्याला खनिजं परत मिळू शकतात, आणि नस स्वतःच्या बचावासाठी आतून नवं डेंटिन रचते. सगळं उकरायला गेले तर मात्र नस उघडी पडण्याची मोठी भीती.

"मंग फट राहिली तं?" आजींनी विचारलं.

मग सगळं वाया. या उपचाराचा जीव त्या बंदिस्तपणात आहे, म्हणूनच कडांच्या बाबतीत मी तडजोड करणार नव्हते.

उपचार

हिरडीवर बधिर करणारं जेल, मग लिग्नोकेन २ टक्केचं इंजेक्शन, मात्रा मुलीच्या वजनावरून. सुई दाखवायची नाही आणि खोटंही बोलायचं नाही, हा माझा नियम आहे. "चिमटा बसेल, मी दहापर्यंत मोजते" एवढं सांगितलं. दाढेभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पडदा, लावला. लाळेचा एक थेंब आत गेला तरी पुढचं चिकटकाम कमकुवत होतं, आणि लहान मुलाच्या तोंडात लाळेशी नुसत्या कापसाने झुंजणं अवघड. पडदा लावल्यावर मुलंही बहुतेक शांत होतात. घशात पाणी जात नाही.

वरचं पोकळ एनॅमल पाण्याच्या फवाऱ्यासह वेगवान बरने, म्हणजे ड्रिलच्या टोकाने, उघडलं. आतला थर ओलसर, पिवळट, लोण्यासारखा सुटून येणारा होता. कडांना मोठ्या गोल बरने सावकाश साफ करत गेले, प्रोब (तपासायची टोकदार सळई) ओढल्यावर खरखर ऐकू येईपर्यंत. चारी बाजूंनी कडक डेंटिन आणि निरोगी एनॅमलची अखंड पट्टी मिळाली. तळाला मात्र बर नेलाच नाही. हातातल्या चमच्याच्या आकाराच्या अवजाराने ओले पापुद्रे हलकेच काढले, आणि नसेच्या बाजूला चामड्यासारखा थर लागला तिथे थांबले. हात थांबवणं हेच या कामात शिकावं लागतं. कॉलेजात आम्हाला उलट शिकवलेलं असतं, आणि बोटं अजूनही खाली जायला बघतात.

तळाला ग्लास आयोनोमर सिमेंटचा थर दिला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी तयार केलेलं हे सिमेंट दाताला रासायनिकरीत्या चिकटतं आणि फ्लोराइड सोडत राहतं. त्यावर दाताच्या रंगाचं कंपोझिट: कडांना ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल, धुणं, बाँडिंग (चिकटवणारं द्रव), मग दोन-दोन मिलिमीटरचे थर, प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने पक्का. शेवटी चावण्याचा कागद ठेवून उंची पाहिली.

वडिलांनी विचारलं होतं, "आमच्या वेळी चांदी भरायचे, ती जास्त टिकते ना?" टिकते, यात शंका नाही. पण चांदीच्या भरावात निम्मा पारा असतो, आणि पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली आहे. १५ वर्षांखालील मुलांना, गर्भवतींना आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना, अगदीच गरज नसेल तर, ती भरू नये असं त्या करारातल्या देशांनी २०२२ साली ठरवलं. वडिलांच्या तोंडात दोन जुन्या चांद्या आहेत, शाबूत आहेत. त्या काढायची काही गरज नाही, हेही सांगितलं.

त्याच दिवशी डाव्या बाजूच्या ३६ क्रमांकाच्या दाढेच्या घळी सीलंटने बुजवल्या. तिथे पांढुरका खडूसारखा डाग नुकता सुरू झाला होता. दुधाच्या वरच्या एका दाढेतली उघडी कीड थांबवण्यासाठी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावलं. त्याने किडीचा भाग कायमचा काळा पडतो. हे आईला आधी दाखवून, होकार घेऊन मगच लावलं, कारण मागाहून काळा दात दिसला की विश्वास उडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडची टूथपेस्ट, ग्लास आयोनोमर आणि हे औषध तिन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आहेत.

जाताना एकच ताकीद दिली: दोन-तीन तास ओठ बधिर राहील, तोवर खायला द्यायचं नाही. मुलं गंमत म्हणून ओठ चावतात आणि संध्याकाळी तो सुजून येतो.

ग्लुकोजची बाटली

इथवरचं काम एका बैठकीचं होतं. दाढ भरली म्हणजे रोग गेला असं मात्र होत नाही. भोक बुजलं, भोक पाडणारी परिस्थिती घरातच होती.

आईला तीन-चार दिवस मुलीने काय, किती वाजता खाल्लं-प्यायलं ते लिहून आणायला सांगितलं. कागद पाहिल्यावर कारण शोधावं लागलं नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. ऊन लागू नये म्हणून आई रोज सकाळी पाण्याच्या बाटलीत ग्लुकोज पावडर घालून द्यायची, आणि मुलगी अकरापासून पाचपर्यंत दर थोड्या वेळाने एक घोट घ्यायची. शाळा सुरू झाली की तीच बाटली दप्तरात. रात्री दात घासून झाल्यावर साखर घातलेलं दूध. गोळ्या-चॉकलेटं घरात जवळजवळ नव्हतीच, आणि त्यामुळेच आईला प्रश्न पडला होता की कीड आली कुठून.

साखर तोंडात गेली की दातावरच्या थराची आम्लता काही मिनिटांत वाढते. पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५च्या खाली गेला की एनॅमल विरघळायला लागतं. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात हे मोजून दाखवलं. लाळ ती आम्लता अर्ध्या-पाऊण तासात परतवते आणि खनिजं पुन्हा बसवते, पण तेवढी उसंत मिळाली तर. वीस-वीस मिनिटांनी घोट घेणाऱ्या मुलीच्या तोंडात ती उसंत दुपारभर मिळतच नव्हती. पुरणपोळीच्या दिवशी जेवणासोबत चार पोळ्या खाणं दाताला या बाटलीपेक्षा कमी घातक आहे. ऐकणाऱ्यांना हे खरं वाटत नाही, पण किती गोड खाल्लं याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व किती वेळा खाल्लं याला आहे.

त्या माऊलीला मी दोष दिला नाही आणि देऊ नये. नागपुरात उन्हाची भीती खरी आहे. तिने काळजीपोटी जे केलं ते दुकानातल्या डब्यावर शक्तीचं म्हणून छापलेलं असतं. आम्ही बदल ठरवले ते असे: बाटलीत माठाचं साधं पाणी. उन्हातून आल्यावर मीठ-जिरं घातलेलं ताक. कैरीचं पन्हं जेवणाबरोबर, एका बैठकीत संपवून. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस जरूर द्यायचं, ते औषध आहे. दूध दात घासण्याआधी. संत्री घरात पेटीने येतात, तर ती सोलून फोडी खायच्या; सरबताचा पेला हातात घेऊन दुपार काढायची नाही.

फ्लोराइडवरचा वाद

टूथपेस्टचा विषय निघाला आणि वडील अडले. त्यांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात. त्यांच्या स्वतःच्या समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, आणि गावातल्या बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे ते झाले हे त्यांना माहीत होतं. "ज्याने माझे दात असे झाले, तेच पोरीला लावू?"

हा आक्षेप झटकण्यासारखा नाही. विदर्भाच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने कमी करण्याचं नलगोंडा तंत्र नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइड दात घडण्याच्या वयात वर्षानुवर्षं पोटात गेलं की एनॅमल सदोष बनतं. टूथपेस्टचं काम वेगळं आहे. ती गिळायची नसते, दाताच्या पृष्ठभागावर राहून ती विरघळलेली खनिजं परत बसवायला मदत करते. मी विचारलं, घरी पाणी कुठलं? महापालिकेच्या नळाचं. शहराचं पाणी पेंच आणि कन्हानचं, आणि नदी-धरणाच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असतं. गावी सुट्टीत महिनाभर राहायचं असेल तर तिथलं बोअरचं पाणी तपासून घ्या, हेही सांगितलं.

शेवटी ठरलं ते १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) फ्लोराइडच्या साध्या पेस्टवर. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये याहून जास्त फ्लोराइड घालायला कायद्याने परवानगी नाही. वाटाण्याएवढी पेस्ट, दिवसातून दोनदा, रात्रीचा ब्रश आईच्या हातून. घासून झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड पाण्याबरोबर निघून जातं. हे शेवटचं वडिलांना सगळ्यात विचित्र वाटलं. दवाखान्यात दर तीन महिन्यांनी फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर फ्लोराइडचा लेप, लावायचं ठरलं.

पुढे काय झालं

दोन दिवस गार पाणी थोडं झोंबलं, मग थांबलं. सहा महिन्यांनी गार कापसाला दाढेने शेजारच्या दाढेसारखाच प्रतिसाद दिला. वर्षाच्या एक्स-रेत मुळं लांबलेली, टोकं निमुळती होत आलेली, आणि भरावाखालची पांढरी रेघ पहिल्यापेक्षा जाड. ठेवलेली छाया अजून दिसते, आणि पुढच्या दंतवैद्याला ती नवी कीड वाटू शकते. म्हणून भरावाच्या तारखेसह चिठ्ठी लिहून दोन्ही एक्स-रे पालकांजवळ दिले आहेत. आत काय आणि का ठेवलं आहे हे ज्याला माहीत नाही, तो दाढ पुन्हा उघडेल.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये परीक्षेच्या दिवसांत ग्लुकोजची बाटली परत आली, या वेळी आजींच्या हातून. वरच्या डाव्या कायमच्या दाढेच्या घळीत पांढुरका डाग दिसला तेव्हा ते समजलं. डागाला भोक नव्हतं, म्हणून ड्रिल लावलं नाही. वार्निश आणि सीलंटवर भागलं. आजींनी ताकाचं ऐकलं, पण नातीच्या जिभेची सवय मोडायला उन्हाळा जवळजवळ संपला.

कळ रात्री झोपेतून उठवणारी असती, गारानंतर बराच वेळ टिकणारी असती, किंवा हिरडीवर पुळी असती, तर वरचा सगळा निर्णय वेगळा झाला असता. तेव्हाही, नस आत जिवंत असती तर, या वयात मी आधी नसेचा वरचा खराब भाग काढून उरलेल्या जिवंत नसेवर कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट ठेवण्याचा विचार केला असता, म्हणजे मुळं वाढत राहतात. खर्चाची अडचण असेल तर मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. पैशासाठी थांबून दाढ गमावण्यापेक्षा तिथे जावं, हे मी अनेकांना सांगते.

मुलीचा धाकटा भाऊ आता सहाव्या वर्षात आहे. त्याची खालची पहिली कायमची दाढ हिरडीतून अर्धी वर आली आहे. ती कोरडी ठेवता येत नाही तोवर सीलंट टिकणार नाही, म्हणून सध्या वार्निश लावतो आहोत. त्याची आई रात्री ब्रश गालाकडून आडवा घालून फक्त ती एक दाढ वेगळी घासते, कारण सरळ फिरवलेला ब्रश तिच्यापर्यंत पोचत नाही.